सरकीची माती

मांजरीच्या शी-शूवर लेख लिहायची वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात ह्या एका विषयावर जितकी चर्चा झाली तितकी लेकाच्या बारावीवरही झाली नसेल. तेव्हा लिहून टाकते. जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवण उरका, मागाहून तक्रार चालणार नाही.

सरकी म्हणजे आमची मांजर. खरं म्हणजे आईची. जिनात कापसातून रुई वेगळी काढली की जे बी उरतं ती सरकी. काळपट करडी, अंगाला पांढरी लव चिकटलेली. सहा वर्षांपूर्वी अमरावतीच्या घरी न्हाणीमागे सापडलेलं पिल्लू थेट तसंच दिसत होतं. बाबांचं अख्खं आयुष्य जिनिंग-प्रेसिंगमधे कापसाचे ग्रेडर म्हणून गेलं, त्यामुळे त्यांना दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. आईला मांजर अजिबात आवडायची नाही. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, सरकीला मांडीवर घेऊन.

आमचं घर अंबागेटच्या आत, जुन्या परकोटापासून फार लांब नाही. मागे हातभर रुंदीची मोकळी जागा, तिथे एक पारिजातक आणि एक शेवगा. सरकी पहाटे तिथे जायची, खड्डा उकरायची, काम उरकायची, माती लोटायची आणि सभ्य बाईसारखी घरात यायची. इतक्या वर्षांत वास म्हणून आला नाही. मांजरीला कसली खास माती विकत आणावी लागते हे त्या घरात कुणाला माहीतच नव्हतं.

मागच्या वर्षी मार्गशीर्षात आई गेली. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात रोज विचारायची, "सरकीले खायला देलं का?" बाकी कुणाबद्दल काही विचारायची नाही. बाबा तीन महिने त्या घरात एकटे राहिले. होळी झाल्यावर मी हट्टाने त्यांना अकोल्याला घेऊन आले. त्यांची एकच अट होती, आणि ती अट टोपलीत बसून आली. २०२२ च्या जूनमधे ह्या अमरावती-अकोला रस्त्यावर सलग १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव लावलं होतं. त्या गुळगुळीत रस्त्यावर सरकी बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत एका सुरात ओरडली. पुढे तिचा घसा बसला.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. माती फक्त तुळशीच्या कुंडीत. पहिल्याच संध्याकाळी नवऱ्याने दुकानातून सगळ्यात स्वस्त लिटरची पिशवी आणली आणि चिरंजीवांनी ती उत्साहाने उंचावरून प्लॅस्टिकच्या घमेल्यात ओतली. खोलीत धुरळाच धुरळा. त्यात कूलर चालू. अकोल्याचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको, मार्चअखेर कूलर लागला की तो जूनशिवाय बंद होत नाही. तो धुरळा कूलरने घरभर नेला. बाबा खोकायला लागले.

बाबांच्या छातीची गोष्ट जुनी आहे. चाळीस वर्षं कापसाची धूळ खाल्ली. नोकरीत असताना ते गमतीने म्हणायचे, "सोमवारी छाती भरते माही, रविवारी रिकामी होते." ती गंमत नव्हती हे आम्हाला फार उशिरा कळलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची ती ओळखीची खूण आहे, सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळून येणं. बिसिनोसिस असं त्याचं नाव. आता रोज पंप आहे, आणि जास्त झालं की नेब्युलायझर.

त्या रात्री दोन वाजता नेब्युलायझर लावला. आठवडाभरात तीनदा लावला. छातीचे डॉक्टर भले माणूस, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मांजर कुणाला तरी देऊन टाका."

घरी येईपर्यंत बाबा गप्प होते. जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबले. मला वाटलं दम लागला.

"तुह्या आईनं मले सांगतलं नाई सांभाळ म्हून," ते म्हणाले. "पण तिनं सांभाळली होती न."

एवढंच. मग उरलेला मजला चढले.

मी काही डॉक्टर नाही, पण एक गोष्ट मला खटकत होती. सहा वर्षं ही मांजर बाबांच्या पायाशी झोपली. तेव्हा एवढा खोकला नव्हता. मग आत्ताच काय झालं? मी शंभर पानी वही घेतली आणि खोकला कधी येतो ते लिहायला लागले. डॉक्टरांनी बाबांना फुंकायचं एक साधं मीटर दिलं होतं, त्याचा सकाळ-संध्याकाळचा आकडाही लिहायचा. दहा दिवसांत चित्र दिसायला लागलं. खोकला घमेलं भरताना. खोकला पहाटे चारला, सरकी उकरते तेव्हा. आणि खोकला दुपारी, जेव्हा घमेल्याचा वास कूलरच्या वाऱ्यावर बाबांच्या खाटेपर्यंत पोचतो. सरकी नुसती मांडीवर असताना खोकला जवळजवळ नाही.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती नीट वाचली. म्हणाले, "एक महिना देतो. धूळ आणि वास दोन्ही बंद करा. नाही जमलं तर मी सांगेन ते ऐकायचं." मी कबूल केलं. घरी येऊन बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एक महिना म्हणजे बम झाला. आमाले गठाण पास कराले एक मिनिट भेटे."

मग सुरू झाला आमचा प्रयोगांचा महिना.

पहिला सल्ला शेजारच्या काकूंचा. "राख टाक न वं, आमी जलमभर राखच टाकली." काकूंचं चुकीचं नव्हतं, चूल होती तेव्हा मांजरीने कुठे घाण केली की वर राखच पडायची. पण राखेइतकी उडणारी वस्तू जगात दुसरी नसेल. शिवाय राख पडते खारी. मांजरीच्या मुतात युरिया असतो, जंतू त्याचा अमोनिया करतात, आणि खारेपणा मिळाला की तो अमोनिया ओलाव्यात न थांबता हवेत निघून येतो. म्हणजे शीवर राख ठीक, शूवर उलटा परिणाम. एका दिवसात राख बंद.

गंमत म्हणजे ह्या सगळ्या धंद्याची सुरुवातच राखेच्या तक्रारीतून झाली. १९४७ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या मिशिगनमधे एका बाईंच्या मांजराची वाळू थंडीने गोठून गेली. त्यांनी राख वापरून पाहिली तर घरभर राखेची पावलं. म्हणून त्या एडवर्ड लो नावाच्या शेजाऱ्याकडे वाळू मागायला गेल्या. त्याच्याकडे तेलाचे डाग शोषायची दाणेदार माती होती, ती त्याने दिली. ती मांजराला आवडली आणि पुढे लोसाहेब त्यावर श्रीमंत झाले. ती माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपण जिला मुलतानी माती म्हणतो तिच्याच जातीची. गोळा होणारी बेंटोनाइटची लिटर आली त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९८० च्या दशकात. बेंटोनाइट आपल्याकडे कच्छमधे आणि राजस्थानात बाडमेरकडे निघतं.

हे मी बाबांना वाचून दाखवत होते. बेंटोनाइट म्हणजे ओली झाली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी चिकणमाती, असं म्हटल्यावर बाबा उठून बसले. "फुगते, वाळली का भेगा पडते? हे त आपली काळी माती झाली!"

आणि ते खरं आहे हो. आपल्या वऱ्हाडातली काळी कपाशीची जमीन ज्या खनिजामुळे पावसात फुगते आणि उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा टाकते, ते स्मेक्टाइट आणि बेंटोनाइटमधलं खनिज एकाच घराण्यातलं. आपण आपल्याच पायाखालच्या मातीचे दूरचे नातेवाईक पिशवीत भरून विकत घेतो.

झालं. दुसऱ्या दिवशी बाबांनी चुलतभावाच्या वावरातून पोतंभर माती मागवली. गच्चीवर वाळवली, ढेकळं फोडली, रवा चाळायच्या चाळणीने चाळली (ती चाळणी आता तिचीच आहे). सरकीला माती पाहून काय आनंद झाला! धावतच गेली. पण ही माती विकतच्या लिटरसारखा कोरडा, उचलता येईल असा गोळा करत नाही, तिचा चिखल होतो. आणि वाळली की धूळ. शिवाय सरकी चिखलाच्या पायांनी घरभर फिरली. महालक्ष्म्यांच्या सणाला आपण दारापासून देवघरापर्यंत पावलं काढतो ना, तशी पावलं न्हाणीपासून बाबांच्या खाटेपर्यंत. नवरा काही बोलला नाही, पण त्याने फडकं ज्या पद्धतीने पिळलं त्यातून कळलं.

मग अमरावतीला त्याच मातीत वास का येत नव्हता? हा प्रश्न मला बरेच दिवस पुरला. उत्तर साधं आहे. तिथे नुसती माती नव्हती, जमीन होती. चिकणमाती अमोनिया धरून ठेवते, मातीतले जंतू त्याचं नायट्रेट करतात, पारिजातकाची मुळं ते पिऊन टाकतात, वर ऊन-वारा-पाऊस. घमेल्यातली माती म्हणजे जमिनीपासून तोडून आणलेली. तिच्या मागे कुणी नाही. ती बिचारी किती दिवस पुरणार?

हे लिहिताना आत्ता वाटतंय की बाबा पोतं उघडून त्या मातीचा वास घेत बसले होते, तेव्हा मी त्यांना नुसतं "हात धुवा" म्हटलं होतं. असो.

तिसऱ्या आठवड्यात मी घाबरून एक मोठी चूक केली. महिना संपत आला होता आणि वास जात नव्हता, म्हणून लॅव्हेंडरच्या वासाची लिटर आणली. आपल्याला तो वास छान वाटतो. मांजरीचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट, तिला ती अत्तराच्या दुकानातली न्हाणी वाटत असणार. सरकीने एकदा वाकून वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि निघून गेली.

संध्याकाळी कळलं ती कुठे गेली होती.

बाबांच्या खाटेवर आईची गोधडी असायची. आई गेल्यापासून ती धुतलेली नव्हती. मी एक-दोनदा धुवायला मागितली तर बाबा म्हणाले, राहू दे. मी का ते विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. एकदा ते घरात नसताना मीही त्या गोधडीत तोंड खुपसून बसले होते. खोबरेल तेल, थोडासा बाम, आणि आई.

सरकी त्या गोधडीच्या बरोबर मधोमध मुतली होती.

मी रडायलाच लागले. चिरंजीव सरकीवर ओरडायला गेला तर बाबांनी त्याला थांबवलं. गोधडी त्यांनी स्वतः उचलली, न्हाणीत नेली. मांजरीच्या मुताचा वास साध्या साबणाने पुरता जात नाही. मी औषधाच्या दुकानातून एंझाइमवालं द्रावण आणलं, आम्ही दोघांनी गोधडी त्यात भिजवली. बाबा कठड्याला टेकून उभे होते.

"वास जाते न बाई," ते म्हणाले. "दोन्हीही जातेत."

त्या रात्री ते खोकले नाहीत. मी वहीत लिहिलं, आणि पुढे काहीच लिहिता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र बाबांनी हे काम हातात घेतलं. इतके दिवस ते पेशंट होते, आता ग्रेडर झाले. मला म्हणाले, दिसेल ती प्रत्येक लिटर थोडी थोडी आण. मी चार आणल्या: चांगल्या प्रतीचं जाड दाण्याचं बेंटोनाइट, सिलिका जेलचे पांढरे खडे, लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या गोळ्या आणि सोयाबीनच्या चोथ्यापासून केलेल्या बारीक कांड्या, ज्याला टोफू लिटर म्हणतात. सगळ्या पाकिटांवर नव्याण्णव टक्के धूळमुक्त. बाबा म्हणाले, "एक टक्का कुठी हाय थे आपन पाहू."

दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची तिरीप येते. बाबांनी तोंडाला मास्क लावला, कूलर बंद केला, खाली जुन्या छत्रीचं काळं कापड अंथरलं. एकेका वाटीतली मूठ भरून घेतली, कापसाची घेत तशी, आधी दाबून पाहिली, आणि उन्हाच्या तिरिपेत हळूच सोडली. हवेत काय तरंगतं ते पाहायचं, मग काळ्या कापडावर काय उरतं ते पाहायचं. ह्याला एक रुपया खर्च नाही, आणि कुठल्याही पाकिटापेक्षा खरं कळतं. तुम्हीही करून बघा.

निकाल असा. जाड बेंटोनाइट पहिल्या स्वस्त पिशवीपेक्षा कितीतरी बरं, गोळाही छान होतो, पण तिरिपेत धूर दिसतोच, आणि ती धूळ बारीक दगडाचीच. निरोगी छातीच्या घरात चालेल, आमच्याकडे नाही. सिलिकाचे खडे जवळजवळ स्वच्छ, वासही ओढून घेतात, पण सरकी त्यावरून खडीवर अनवाणी चालल्यासारखी चालली आणि रात्री त्या करकर आवाजाने बाबा जागे झाले. लाकडाच्या गोळ्या धुळीत पास, वासही चांगला, पण ओल्या झाल्या की भुसा होतो आणि सरकीच्या पायांना त्या जाड वाटल्या. (इथे एक सांगते, आरागिरणीवरचा सुटा भुसा म्हणजे ह्या गोळ्या नव्हेत. त्याची धूळ दम्याला वाईटच.) सोयाबीनच्या कांड्या बारीक, धूळ नावाला, ओल्या झाल्या की गोळा.

"एक नंबर माल," बाबांनी पास केला. मग ती सोयाबीनची आहे हे कळल्यावर पोटभर हसले. "ज्या सोयाबीननं वावरातली कपाशी घालवली, त्याच्यावर आता सरकी मुतनार! फिटलं."

पण खरं सांगू का, माल निवडणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं असं आहे. नवी लिटर एकदम द्यायची नाही, जुन्यात थोडी थोडी मिसळत दोन-तीन आठवडे घ्यायचे. खोली दोन-तीन इंच ठेवायची. ओतताना पिशवीचं तोंड घमेल्याच्या तळाला टेकवून, बाल्कनीत, बाबा आतल्या खोलीत असताना. गोळे दिवसातून दोनदा काढायचे, कारण अमोनिया तयार व्हायला वेळ लागतो, त्याच्या आधी आपण पोचलो तर वास येतच नाही. शिवाय मांजरीच्या शीतून येणारा टोक्सोप्लाझ्माचा जंतू लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस घेतो, तेव्हा रोज काढणं त्यासाठीही बरं, आणि घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिच्याकडे नको. घमेलं नुसत्या साबणपाण्याने धुवायचं. ब्लीच नको, अमोनियाशी मिळून विषारी वायू होतो. काळं फिनेल तर मांजरीला विषच. चरे पडलेलं घमेलं बदलायचं, वास चऱ्यांत राहतो. टोफूला पावसाळ्यात बुरशी लागू शकते, म्हणून ती मी आईच्या जुन्या गव्हाच्या डब्यात घट्ट झाकणाखाली ठेवते. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, संडासात टाकायची नाही.

आणि सगळ्यात मोठा फरक ज्याने पडला त्याला पैसे लागले नाहीत. घमेलं कूलरच्या वाटेतून काढून न्हाणीच्या एक्झॉस्ट फॅनखाली ठेवलं. महिनाभर आम्ही माल बदलत होतो, आणि वारा मात्र बाबांच्या खाटेकडेच वाहत होता.

महिन्याने डॉक्टरांकडे गेलो. फुंकायच्या मीटरचा आकडा सुरुवातीला १९० च्या आसपास होता, तो २४० वर आला होता. त्यांनी छाती तपासली, वही चाळली.

"मांजर?"

"हाये," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी वही परत दिली. "लिहीत राहा," एवढंच म्हणाले.

दिवाळीनंतर अमरावतीचं घर विकायचं ठरलं. शेवटचं आवरायला गेलो तेव्हा बाबांनी पारिजातकाखालची माती एका डब्यात भरून घेतली. मी ह्या वेळी काही म्हटलं नाही. अकोल्याला आल्यावर त्यांनी ती नव्या कुंडीत घातली, वर पारिजातकाचं रोप लावलं, बाल्कनीत जिथे सकाळचं ऊन येतं तिथे कुंडी ठेवली आणि समोर खुर्ची टाकून समाधानाने बसले.

सरकी आली. कुंडीभोवती एक चक्कर मारली. नाक लावून बराच वेळ वास घेतला. मग कुंडीत चढली, रोपाशेजारी छोटासा खड्डा उकरला, आमच्या दोघांकडे अत्यंत गंभीरपणे पाहत काम उरकलं, आणि माती नीट लोटून घरात गेली. चार कांड्यांची परीक्षा, उन्हाची तिरीप, एक नंबरचा माल, सगळं वाऱ्यावर.

बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून असे हसलेले मी पाहिले नव्हते. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू, डोळ्यांत पाणी.

तो खोकला मी वहीत लिहिला नाही.